साबुदाण्याच्या विणीत मधेच पट्टे का येतात?

दिवाळीत नातेवाइकांना द्यायला म्हणून मी अंग घासायचे आठ रुमाल विणायला घेतले. उटण्याची पुडी, एक साबण आणि त्याखाली हाताने विणलेला जाडसर सुती रुमाल, असा बेत. वीण साबुदाण्याची: एक सुलट टाका (समोरून सपाट दिसणारा), एक उलट (समोरून गाठीसारखा दिसणारा), आणि पुढच्या ओळीत त्याची अदलाबदल. इंग्रजी नमुन्यांत तिला सीड स्टिच म्हणतात. आत्याने शिकवलं तेव्हापासून माझ्यासाठी मात्र ती साबुदाण्याचीच. भिजलेला साबुदाणा ताटात पसरावा तसे दाणे दिसतात, दोन्ही बाजूंनी सारखे. कडा वळत नाहीत, आणि अंगाला घासली तर खरखर जाणवते पण बोचत नाही. न्हाणीघरातल्या रुमालाला याहून सोपी वीण नाही, असं मी ऑफिसात चार जणींना ठासून सांगितलं होतं.

आणि माझेच पहिले तीन रुमाल बिघडले.

तिन्हींची तऱ्हा एकच. खालची चार-पाच बोटं दाणे अगदी सुबक. मग कुठूनतरी उभे पट्टे सुरू होतात, स्वेटरच्या मनगटाला असतात तसे. पट्टे आले की रुमाल आवळायला लागतो आणि चौकोनाला कंबर येते. वर एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर उंच. उसवलं, परत विणलं, परत तेच. आधी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेल्या दोऱ्याला नावं ठेवली, मग बांबूच्या सुयांना, मग गाडीतल्या उजेडाला. मी नौपाड्यातून वाशीला जाते-येते आणि विणकाम बहुतेक ट्रान्स-हार्बरच्या लोकल गाडीतच होतं. गाडीचा दोष होता खरा, पण उजेडाचा नव्हता. त्यावर पुढे येते.

आधी माप सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. आठपदरी सुती दोरा, ४ मिलिमीटरच्या सुया (आपल्याकडच्या ८ नंबर), ४१ टाके. रुमाल साधारण २१ सेंटिमीटर रुंद होतो आणि दोरा अंदाजे ४० ग्रॅम लागतो. प्रत्येक ओळ एकसारखी: सुलट, उलट, सुलट, उलट, आणि शेवट सुलटने.

सगळी गोम त्या ४१ मध्ये आहे. टाके विषम असले की ओळ सुलटने सुरू होते आणि सुलटनेच संपते. काम फिरवलं की तो शेवटचा सुलट टाका मागच्या बाजूने गाठीसारखा दिसतो. त्यावर आपण पुन्हा सुलट घालतो, म्हणजे गाठीवर सुलट, आणि त्याच्या शेजारी सपाट टाक्यावर उलट. असं उलटसुलट बसत गेल्यामुळेच दाणे उठतात. आता टाके चुकून ४२ झाले, आणि हात सवयीने सुलट-उलट करतच राहिला, तर ओळ उलटने संपते. फिरवल्यावर तोच टाका समोरून सपाट दिसतो, त्यावर आपण सुलट घालतो. सपाटावर सपाट, गाठीवर गाठ. ही दाण्यांची वीण राहतच नाही, ही कफाची वीण झाली. उभे पट्टे येणार आणि कापड आवळणार, कारण कफाचं कामच मुळी मनगट आवळून धरायचं.

म्हणजे वीण मी चुकवली नव्हती. माझा एक टाका वाढला होता, एवढंच. एकच, तोही चाळीस-बेचाळीसात, आणि त्यानंतर प्रत्येक ओळ मी अगदी बरोबर विणत होते. म्हणून तर सापडत नव्हतं. नमुना पुन्हा पुन्हा वाचत होते आणि नमुन्याप्रमाणेच करत होते.

हे कळल्यावर पहिला उपाय इतका साधा निघाला की लाज वाटली. ओळीचा शेवटचा टाका बघायचा. सुलट आला तर काम फिरवा. उलट आला तर तिथेच थांबा, पुढची ओळ सुरूही करू नका. चूक या ओळीत आहे किंवा हिच्या आधीच्या ओळीत, त्यापलीकडे नाही. एकेक टाका मागे सोडवत गेलं तरी पाच मिनिटांचं काम. मी आठ-आठ ओळी पुढे जाऊन मग चिडत होते.

पण टाका वाढतो कसा? सुती दोऱ्यावर साबुदाणा विणताना माझ्या हातून तो तीन वाटांनी वाढला आहे, आणि प्रत्येक वाट कापडावर वेगळी खूण ठेवून जाते.

सगळ्यात जास्त वेळा झालं ते दोरा पुढे-मागे नेताना. सुलट टाक्याला दोरा मागे असतो, उलट टाक्याला पुढे. साबुदाण्यात हे प्रत्येक टाक्याला करायचं, म्हणजे एका ओळीत चाळीस वेळा. दोरा दोन सुयांच्या मधून पुढे यायला हवा. घाईत तो सुईवरून आला की सुईवर एक आगाऊ वेढा पडतो, आणि परतीच्या ओळीत आपण त्याला टाका समजून विणून टाकतो. खूण म्हणजे बारीक भोक. कापड उजेडासमोर धरा, ज्या ठिकाणाहून पट्टे सुरू होतात तिथेच ते दिसेल. आणखी एक गंमत बघा: टाका वाढल्यानंतरची पहिली ओळ अर्धी-अर्धी असते. वेढ्याच्या एका बाजूला दाणे नीट आणि दुसऱ्या बाजूला पट्टे. त्याच्या वर मात्र सगळीकडे पट्टेच. त्यामुळे पट्टा धरून खाली खाली येत गेलं की बरोबर त्या भोकाशी पोचतो.

दुसरी वाट ओळीच्या सुरुवातीची, आणि नवशिकीला ही हमखास फसवते. मला विणायला लागून बारा वर्षं झाली तरी मीही फसले. ओळ सुलटने संपवून काम फिरवलं की दोरा आपल्या बाजूला लोंबतो. पहिला टाका सुलट, म्हणजे दोरा मागे न्यायचा. तो सुईखालून मागे गेला पाहिजे. सुईवरून मागे ओढला तर पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. आपण दोन्ही विणतो. इथे भोक दिसत नाही, पण कड बाहेर पसरत जाते. रुमाल तळाशी अरुंद आणि वर रुंद होत असेल, आणि शोधूनही भोक सापडत नसेल, तर कडेला हेच चाललंय. हे एकाच ओळीत दोनदा घडत नाही, पण दोन्ही कडांना आळीपाळीने घडू शकतं. मग टाके सम, विषम, सम असे होत राहतात, आणि कापडावर थोडे दाणे, थोडे पट्टे, पुन्हा दाणे असा चकवा दिसतो. माझा दुसरा रुमाल असाच होता. त्यात जादूटोणा आहे की काय असंच वाटलं होतं.

तिसरी वाट दोऱ्याची. आठपदरी सुती दोऱ्याला पीळ सैल असेल तर सुईचं टोक पदरांच्या मधे घुसतं. अर्धा टाका एकीकडे, अर्धा दुसरीकडे, आणि परत येताना तेच दोन टाके वाटतात. इथे खूण म्हणजे टाक्याच्या मुळाशी एखादा पदर सुटून वर आलेला. सुईचं टोक फार अणकुचीदार असेल तर हे जास्त होतं. मी त्या सुया बाजूला ठेवल्या आणि थोड्या बोथट टोकाच्या घेतल्या, तेव्हापासून हा त्रास जवळजवळ थांबला.

उलटही होतं म्हणा. टाका गळला किंवा दोन टाके एकत्र विणले गेले तर ४१ चे ४० होतात, आणि पट्टे तेव्हाही येतात. पण तेव्हा रुमाल अरुंद होतो, आणि गळलेल्या टाक्याच्या वर शिडी दिसते. शिडी असेल तर उसवायची गरज नाही. क्रोशाची सुई घेऊन तो टाका पायरीपायरीने वर आणता येतो. फक्त साबुदाण्यात प्रत्येक पायरीला बाजू बदलावी लागते, एकदा पुढून, एकदा मागून. डोळ्यांना त्रास होतो, पण तीन-चार पायऱ्यांपर्यंत परवडतं. त्याहून खोल असेल तर मी सरळ उसवते.

उसवायचंच असेल तर सुया ओढून काढून सगळं सोडू नका. सुती दोरा गुळगुळीत, लोकरीसारखा एकमेकांना धरून राहत नाही. सुटलेले टाके भराभर खाली धावतात. आत्याची युक्ती अशी: दर दहा ओळींनी, टाके मोजून ४१ भरले की वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा मोठ्या सुईत ओवायचा आणि सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून पार न्यायचा. पुढे कितीही गोंधळ झाला तरी उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. टाकेही सगळे माळेत ओवल्यासारखे तिथे वाट बघत असतात. मी हा सोपस्कार आळसाने सोडून दिला होता. तीन रुमाल बिघडल्यावर परत सुरू केला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी खरंतर आधीच करायला हवं होतं: मोजून विणणं सोडा, बघून विणा. सुईवरच्या टाक्याकडे नीट बघा. त्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसतेय? त्यावर सुलट घाला. गाठ नाही, नुसता सपाट, व्हीसारखा टाका आहे? त्यावर उलट. जे दिसतं त्याच्या विरुद्ध करायचं, इतकंच. असं विणलं की टाके सम असोत की विषम, पट्टे येतच नाहीत. आणि जिथे शेजारी शेजारी दोन गाठी किंवा दोन सपाट टाके दिसले, तिथेच वेढा पडलाय हे लगेच कळतं. फक्त एक लक्षात ठेवा. बघून विणताना पट्टे येत नाहीत म्हणून टाके वाढत नाहीत असं नाही. रुमाल रुंदावत जाईल आणि पत्ताही लागणार नाही. दहा ओळींनी मोजणं तरीही हवंच.

आता ती उंच झालेली एक बाजू. हिचा आणि टाके वाढण्याचा काही संबंध नाही. ही गाडीची करणी.

ठाण्याहून वाशी जेमतेम अर्ध्या तासाची. मी सावकाश विणते, एक ओळ दोन मिनिटांची. ऐरोली येते, रबाळे येतं, कोणीतरी उतरायला उठतं, कोणी बसायला सरकतं, आणि घणसोलीला आपणच उभं राहून एखाद्या बाईंना जागा देतो. ओळ अर्धीच राहते आणि काम पिशवीत जातं. तुर्भ्याला परत बाहेर काढताना दोन्ही सुयांवर टाके असतात. कुठली सुई कुठल्या हातात? मी अंदाजाने घ्यायचे. चुकीच्या हातात घेतली की आपण अर्ध्यावरूनच परत फिरतो. जिथून आलो तिकडेच विणत जातो, मग पुन्हा पूर्ण ओळ. एका अर्ध्यात दोन ओळी जास्त, दुसऱ्यात नाहीत. मधे जिथून वळलो तिथे छोटं भोक आणि एक तिरकी रेघ. असं तीनदा झालं की त्या बाजूला सहा ओळी जास्त होतात, म्हणजे जवळजवळ बोटभर.

नियम एकच. दोरा ज्या टाक्याला जोडलेला आहे, ती सुई उजव्या हातात. नुकताच विणलेला टाका उजवीकडे असतो आणि गुंडा त्यालाच बांधलेला असतो. (डावखुऱ्यांनी, जर त्या उलट दिशेने विणत असतील तर, हात बदलून वाचावं.) शक्य असेल तर ओळ संपल्याशिवाय काम खाली ठेवायचंच नाही. आता मी ऐरोली सुटली की नवीन ओळ घेतच नाही, रबाळे जाऊ देते. शेजारी बसणाऱ्या एक ताई हसतात, म्हणतात, तुझं विणकाम सिग्नलवर चालतं.

हे दोन उपाय कळल्यावर चौथा रुमाल सरळ झाला. पण चौकोनी झाला नाही! सुईवरून उतरवला तेव्हा फूटपट्टीने चारही बाजू २१ सेंटिमीटर होत्या. धुतल्यावर तो आखूड आणि रुंद झाला. यात चूक कुणाचीच नव्हती. सुती विणकाम पहिल्या धुण्यात उंचीत बसतं आणि थोडं आडवं पसरतं. विणताना ताणलेले टाके पाण्यात सैलावून आपापली जागा घेतात. लोकर ताण सोडला की परत येते, सुताला ती लवचीकता नाही. म्हणून चौकोन साधायचा असेल तर सुईवर तो थोडा उंचच ठेवायचा. किती उंच, ते तुमच्या दोऱ्यावर आणि हातावर. वीस टाक्यांचा छोटा तुकडा विणून, गरम पाण्यात धुऊन, वाळवून मोजा. माझ्या हाताला पाच ओळी जास्त घालाव्या लागतात. चौकोन जमला का ते बघायला फूटपट्टीही लागत नाही. रुमाल कर्णावर दुमडा, कडा जुळल्या तर झालं.

वरची कड आखडून रुमाल डबीसारखा दिसत असेल तर टाके बंद करताना हात घट्ट पडलाय. शेवटच्या ओळीला एक नंबर जाड सुई घ्या आणि वीण न मोडता बंद करा, सुलटवर सुलट, उलटवर उलट असं नव्हे, तर साबुदाण्याचा क्रम पुढे चालू ठेवून. खालची कड आखडली तर पुढच्या वेळी टाके दोन सुया एकत्र धरून घाला आणि मग एक सुई अलगद ओढून घ्या. एवढ्यावर हे सुटतं.

आमच्या ऑफिसातल्या एकीने वेगळीच तक्रार आणली. तिचा रुमाल नमुन्याप्रमाणे अगदी बरोबर विणलेला, दाणेही उत्तम, पण तळहाताएवढाच आणि पुठ्ठ्यासारखा कडक. नमुना अमेरिकन होता. त्यात ८ नंबरची सुई लिहिली होती, तिने ८ नंबरचीच घेतली. अमेरिकेतली ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आपल्या बाजारातले नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, त्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर. दोन्ही मोजण्या एकमेकींच्या उलट चालतात: अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड, आपल्याकडे नंबर वाढला की बारीक. त्यामुळे आपली ६ नंबर म्हणजे त्यांची ८, आणि आपली ८ म्हणजे त्यांची ६. फक्त ७ नंबर दोन्हीकडे साडेचार मिलिमीटर, तेही योगायोगाने. नंबर वाचूच नका, सुईच्या बुडाशी छापलेले मिलिमीटर वाचा. विणीच्या नावांतही असाच घोळ आहे. अमेरिकन नमुन्यातली सीड स्टिच म्हणजे ब्रिटिश नमुन्यातली मॉस स्टिच. आणि अमेरिकन मॉस स्टिच म्हटलं तर एकेक दाणा दोन ओळी उंच, ती वेगळी वीण. नावावर न जाता पहिल्या चार ओळी वाचल्या की कुठली ते कळतं.

दोऱ्याबद्दल दोन शब्द, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच की घरात उरलेली लोकर चालेल का. बाजारातली स्वस्त लोकर म्हणजे बहुतेकदा ॲक्रिलिक. ते पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. रुमाल अंगावरून पाणी नुसता ढकलत राहतो. सूतच हवं. पण सुतातही क्रोशाचा चकचकीत, घट्ट पिळाचा दोरा टाळा. ती चमक मर्सराइज केल्याची असते, म्हणजे कॉस्टिक सोड्यात भिजवून काढल्याची. इंग्लंडच्या जॉन मर्सरने १८५० मध्ये त्याचं पेटंट घेतलं म्हणून ते नाव. टेबलावरच्या रुमालाला तो शोभतो. अंगाला घासायला घेतला तर गुळगुळीत लागतो, दाणे सरकतात आणि फेस धरत नाही. मळकट पांढरा, चमक नसलेला दोरा घ्या. नवा रुमाल पाणी पीत नसेल तर घाबरू नका. कच्च्या सुतावर नैसर्गिक मेण असतं, गरम पाण्याच्या दोन-तीन धुण्यांत ते जातं. दोऱ्याला उगाच पीळ जास्त आहे का ते विकत घेण्याआधीच बघता येतं. हातभर दोरा सोडा, मधोमध दुमडून दोन्ही टोकं एकत्र धरा. लोंबणारा फास स्वतःभोवती गरगर गुंडाळला तर तो दोरा साध्या विणीत रुमाल तिरका ओढेल. साबुदाण्यात सुलट आणि उलट एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून तिथे असा दोराही चालून जातो. साबुदाण्यावर माझा इतका जीव त्यामुळेच.

काही जणी वॉफलची वीण पसंत करतात, खोल चौकटींची. फेस छान होतो, पण उटणं त्या खळग्यांत जाऊन बसतं आणि आंबेहळदीचे डाग पडतात, हे आधीच सांगून ठेवते. त्या विणीला टाके तीनच्या पटीत आणि वर एक, उदाहरणार्थ ४०. पहिली ओळ: एक उलट, दोन सुलट, शेवटी एक उलट. दुसरी ओळ मागून: एक सुलट, दोन उलट, शेवटी एक सुलट. तिसरी पहिलीसारखी. चौथी सगळी सुलट. यात नेहमीचं दुखणं म्हणजे एखादी चौकट दुसऱ्यांपेक्षा लांबुडकी. चौथी ओळ विसरली गेली, दुसरं काही नाही. ती नेहमी मागच्या बाजूनेच येते, तेव्हा मागची बाजू समोर आली की फक्त विचारायचं: गेल्या खेपेला मागून खळगे होते की सगळं सुलट? आणि वॉफलच्या दोन्ही कडांना चार-चार टाके सगळे सुलट विणून काठ काढू नका. सगळ्या सुलट ओळींचं कापड उंचीत दाट बसतं, वॉफल त्यापेक्षा लांब. काठ आखडतो, मधला भाग पापडासारखा फुगतो. काठ साबुदाण्याचा केला की हे बरंच कमी होतं.

राहिला वास. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्यात काहीच वाळत नाही, मग आठपदरी सुताचा ओला रुमाल काचेच्या पट्ट्यांच्या इवल्या खिडकीच्या न्हाणीघरात कसा वाळणार? तीन दिवसांत कुबट वास. कितीही साबण लावला तरी जात नाही, कारण घाण साबणाने निघते पण ओल राहिली की जंतू पुन्हा वाढतात. पहिला उपाय विणतानाच करायचा. एका कोपऱ्यात आठ-दहा साखळीटाक्यांचं कडं काढायचं, म्हणजे रुमाल नळावर गोळा होऊन न पडता पसरून लोंबतो. दुसरा, एका माणसाला दोन रुमाल, दिवसाआड. आणि आठवड्याला एकदा जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा आणि रुमाल, दहा मिनिटं उकळी. हे फक्त न रंगवलेल्या दोऱ्याच्या रुमालाला. रंगीत असेल तर रंग जाईल आणि बाकीचेही गुलाबी होतील. मग पिरगळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा, आडवा पसरा. पिरगळल्याने दाणे तिरके होतात आणि तसेच वाळतात. गॅलरीत ऊन आलं की तिथे, नाहीतर पंख्याखाली. ऑगस्टमध्ये तेही पुरत नसेल तर सरळ चारपदरी दोऱ्याचा पातळ रुमाल विणा, तो रात्रीत वाळतो. कमी मऊ लागतो, पण वासापेक्षा परवडला.

टोकं बाहेर येतात ही तक्रार सुताला कायमचीच. गाठ मारू नका, अंगाला बोचते. हाताच्या वीतभर टोक ठेवा आणि मोठ्या सुईने एका दिशेला, मग उलट दिशेला, मग थोडं आडवं ओवा. दोरा संपला तर नवा कडेलाच जोडा, मधोमध नाही.

पट्टे आलेला पहिला रुमाल मी उसवलाच नाही. ताण चांगला देतो म्हणून आईने तो ओट्यावर बरणीची झाकणं उघडायला ठेवलाय. आठवा सुईवर आहे. आज सकाळी सानपाड्याला तेविसावी ओळ संपली, शेवट सुलट.